हनोईत दुचाकीवर मागे बसून केलेला पहिला प्रवास, आणि आता अम्माला न्यायचंय – सल्ला हवा

टॉवेलवाली

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, पूर्व भागातली. घरी तेलुगू, शाळा मराठी, त्यामुळं लिहायचं म्हटलं की मराठीच सुचतं. अक्कलकोट रोडला आमचं छोटं युनिट आहे, टॉवेल-नॅपकिनची शिलाई आणि पॅकिंग. यंदा गड्डा (आमची सिद्धेश्वराची जत्रा) उतरत आला तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर गेले, व्हिएतनामला, हनोईत. सहा दिवस, एकटी. तिथं निन्ह हिएप म्हणून कापडाचा मोठा ठोक बाजार आहे, तो बघायचा होता. जाणं सोपं झालं, ई-व्हिसा पंचवीस डॉलरमध्ये घरबसल्या मिळाला, सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबई आणि तिथून थेट विमान. विमानतळावरून शहरात ८६ नंबरच्या बसनं आले, त्यात काहीच त्रास नाही.

खरं लिहायचंय ते दुसऱ्या दिवशीचं. सकाळी बाजाराला जायला ॲपवरून दुचाकी बोलावली, कारण चारचाकीचे पैसे जवळपास तिप्पट दाखवत होते आणि हॉटेलवाली मुलगी म्हणाली की इथं सगळे असंच जातात. ड्रायव्हर आला, पन्नाशीचा माणूस, त्यानं मला हेल्मेट दिलं, पट्टा नीट लागलाय का ते वाकून बघितलं आणि निघाला.

मी सोलापुरात वीस वर्षं स्कूटर चालवते हो. सात रस्त्याला संध्याकाळी सहा वाजता चालवते. पण तिथं पहिल्या पाच मिनिटांत माझ्या हाताला घाम आला. एक तर सगळी वाहतूक रस्त्याच्या उजवीकडनं. माझी मान सवयीनं उजवीकडं वळायची आणि गाड्या डावीकडनं यायच्या, म्हणजे प्रत्येक चौकात माझे डोळे नको तिकडं. आणि गाड्या म्हणजे किती, सिग्नलला पुढं मागं आजूबाजूला नुसती हेल्मेटं, गुडघ्याला गुडघा लागतोय. त्यात त्यांचं नवीन वर्ष, तेत, जवळ आलेलं, त्यामुळं माणसं दुचाकीवर मागे आख्खं झाड बांधून नेत होती, कुंडीसकट, पीचची गुलाबी फुलं असलेलं नाहीतर ती छोटी संत्र्यासारखी फळं लगडलेलं. माझ्या तोंडासमोरनं फांद्या जायच्या. जुन्या पेठेतल्या गल्ल्यांची नावं हांग अमुक, हांग तमुक. हांग म्हणजे माल. चांदीची गल्ली, रेशमाची गल्ली, कागदाची गल्ली. आपल्याकडं पेठांना वारांची नावं, तिथं मालाची, हे मला फार आवडलं, पण ते सगळं नंतर, त्या वेळी मी देवाचं नाव घेत होते.

मग डावीकडं वळायचं आलं. तिथं डावीकडं वळणं म्हणजे समोरनं येणाऱ्या सगळ्यांच्या मधनं जाणं. आमचा माणूस थांबलाच नाही, हळूच, पायी चालल्यासारखा, त्या गाड्यांच्या लोंढ्यात घुसला. मी घाबरून त्याचं जॅकेट मागे ओढलं आणि अंग उलट्या बाजूला टाकलं. गाडी डुगडुगली. त्यानं कसंबसं सावरलं, पलीकडं फुटपाथला लावली आणि उतरला. मला वाटलं आता ओरडणार. तो ओरडला नाही, त्यानं माझे दोन्ही हात धरून सीटमागच्या दांडीवर ठेवले, मग स्वतः उभा राहून अंग माझ्यासारखं वाकडं करून दाखवलं, हातानं नाही म्हणाला, मग सरळ ताठ राहून दाखवलं, आणि हो म्हणाला. भाषा एक अक्षर कळत नव्हती, पण मला जे कळायचं ते कळलं. मागे बसणाऱ्याचं काम एकच, स्थिर बसायचं. गाडी कुठनं न्यायची ते त्याला ठाऊक आहे, त्याला नको असतं ते आपलं मध्येच हलणं. खरंच सांगते, त्यानंतर पुढचा तास मी दगडासारखी बसले आणि भीती आपोआप कमी होत गेली.

आणि मग लाँग बिएन पूल आला. रेड रिव्हरवरचा जुना लोखंडी पूल, फ्रेंचांच्या काळातला, १९०२ मध्ये पूर्ण झालेला, अमेरिकेच्या युद्धात बॉम्ब पडून पडून पुन्हा जोडलेला. मधून रेल्वे आणि दोन्ही कडेनं दुचाकी, सायकली, पायी माणसं. चारचाकीला बंदी. या पुलावर वाहतूक डावीकडनं चालते! देशभर उजवीकडनं आणि या एका पुलावर आपल्यासारखी डावीकडनं. पुलावर चढलो आणि माझं अंग एकदम सैल झालं, कारण मान जिकडं वळत होती तिकडनंच गाड्या येत होत्या. खाली नदी, नदीच्या मधल्या बेटावर केळीच्या बागा. मागनं रेल्वे आली तेव्हा सगळा पूल थरथरला, मला डोळ्यांत पाणी आलं, का ते अजून सांगता येत नाही.

बाजाराबद्दल वेगळं लिहीन, तागेच तागे.

आता प्रश्न. माझी अम्मा ६८ वर्षांची आहे. चाळीस वर्षं तिनं बिड्या वळल्या, मांडीवर सूप घेऊन, दिवसाला हजार. आमच्या तिघांची शिक्षणं त्याच्यावर झाली. जमिनीवर बसून बसून दोन्ही गुडघे गेलेत. तिला मी पुलाचा व्हिडिओ दाखवला तर ती म्हणाली मला इथं ने. दिवाळीनंतर न्यायचं ठरवलंय. ती म्हणते काचा लावलेल्या गाडीत बसवून फिरवणार असशील तर मी येत नाही, मला तुझ्यासारखं मागे बसायचंय. तर तिला दुचाकीवर बसवावं का? कुणी वयस्कर माणसांना घेऊन गेलंय का?

---

नवीपेठकर

ताई मस्त लिहिलंय, एका दमात वाचलं. भाडं किती झालं तेवढं सांगा. आणि जाणाऱ्या सगळ्यांना एक सूचना, तिथल्या नोटा नीट बघून द्या. वीस हजार डोंगची नोट निळी आणि पाच लाखाचीही निळसर. वीस हजार म्हणजे आपले पासष्ट-सत्तर रुपये, आणि पाच लाख म्हणजे सोळाशेच्या वर. मी पहिल्या रात्री टॅक्सीतून उतरताना अंधारात एकाऐवजी दुसरी दिली, त्यानं खिशात टाकली आणि गेला. दोन्ही नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा, एवढंच.

---

टॉवेलवाली

लाखभर डोंग झाले, म्हणजे आपले सव्वातीनशेच्या आसपास, वीसेक किलोमीटरला. आकडा ॲपवर आधीच दिसतो त्यामुळं घासाघीस नाही.

---

होटगीरोड

ताई, तुमचा अनुभव छान आहे, पण अम्मांना दुचाकीवर अजिबात बसवू नका. मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

अम्मा साडी नेसत असणार. म्हणजे एका बाजूला पाय सोडून बसणार. आपल्याकडं बायका डावीकडं पाय सोडतात, आणि आपण डावीकडनं चालवतो, म्हणजे पाय फुटपाथच्या बाजूला राहतात. हनोईत गाड्या उजवीकडनं. तसंच बसल्या तर पाय सरळ ट्रॅफिकच्या बाजूला, दुसऱ्या गाड्यांच्या हँडलला लागणार. उजवीकडं पाय सोडून बसायची त्यांना आयुष्यात सवय नाही. त्यात गुडघे गेलेले, तोल गेला तर पाय टेकवून सावरता येणार नाही. ज्या देशात दहा कोटी माणसांमागं सात कोटींच्या वर दुचाक्या नोंदलेल्या आहेत तिथं मागे बसणं हे तिथल्या माणसाला लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. तुम्ही स्वतः वीस वर्षं स्कूटर चालवता आणि तुमची गाडी डुगडुगली, मग त्यांचं काय?

दुसरं, प्रवास विमा काढाल तर दुचाकीबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. बऱ्याच पॉलिसी त्याला हात वर करतात.

---

बाळीवेस

होटगीरोड यांचा साडीचा मुद्दा एकदम बरोबर, माझ्या डोक्यात आला नव्हता. पण ताईंनी ते स्थिर बसायचं लिहिलंय ना, त्यावरून मला सिद्धेश्वराच्या जत्रेतले ते उंच, जड नंदीध्वजच आठवले. आमच्या गल्लीतनं दरवर्षी निघतात. सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची फेरी, आणि रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. पेलणारा खाली बघत नाही. त्याची नजर वर, कमरेच्या पट्ट्यात सगळं वजन, आणि तो एका चालीनं पुढं येत राहतो. बाराबंदी घातलेले सोबती आणि लोक त्याच्या चालीवरून ओळखतात कुठं येणार आणि तेवढेच बाजूला होतात. तो मध्येच थबकला किंवा मागे आला तर मात्र घोळ. हनोईचा चौक मी पाहिला नाही, पण तुमचा ड्रायव्हर लोंढ्यात घुसला ते असंच असणार. गोंधळ आपल्याला दिसतो, त्यांना एकमेकांची चाल दिसते.

---

कडकभाकरी

काय सांगलालाव बाळीवेस अण्णा, काटा आला अंगावर. मी गेल्या वर्षी गेलतो हनोईला, रस्ता ओलांडायला तस्संच आहे बघा. पहिल्या दिवशी होआन कीम तळ्याजवळ वीस मिनिटं उभा होतो मी, कुणी थांबंनाच. मग एक म्हातारी आली, हातात भाजीची पिशवी, ती सरळ उतरली रस्त्यात आणि चालायला लागली, ना पळाली ना थांबली, एकाच चालीनं, आणि गाड्या तिच्या पुढनं मागनं निघून जालाल्या. मी तिच्या मागं मागं गेलो. नंतर जमलं. तीन गोष्टी ध्यानात ठेवा, पळायचं नाही, मागं फिरायचं नाही, आणि बस किंवा कार आली तर मात्र थांबायचं, त्या वळसा घालत नाहीत. अम्माला हात धरून न्या, आणि तुम्ही गाड्या येतात त्या बाजूला राहा.

---

होटगीरोड

नंदीध्वजाचं ऐकायला सुंदर वाटतं पण मला एक गोष्ट खटकते. नंदीध्वज पेलणारा महिनाभर आधीपासून सराव करतो, सोबती ठरलेले असतात, रस्ता ठरलेला असतो. ती शिस्त आहे. रस्त्यावरची दुचाकी म्हणजे ती शिस्त नव्हे. अपघात तिथंही होतात, माणसं मरतात, म्हणूनच सरकारनं हात कडक केलाय. १५ डिसेंबर २००७ पासून सगळ्या रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचं झालं आणि लोकांनी ते खरंच पाळलं. २०२० पासून थेंबभर दारू पिऊन चालवली तरी दंड. आणि १ जानेवारी २०२५ पासून दुचाकीनं सिग्नल तोडला तर चाळीस ते साठ लाख डोंग, म्हणजे आपले तेरा हजारांच्या पुढं. फुटपाथवर गाडी घातली तरी तेवढाच. ताईंचा ड्रायव्हर आधी पट्टा बघून निघाला तो काही नुसता चांगुलपणा नाही, त्यामागं ही वर्षं आहेत. आपल्या गावात किती जण मागच्या माणसाला हेल्मेट देतात सांगा मला. हे शिकण्यासारखं आहे, एकमेकांची चाल ओळखतात म्हणून कौतुक करून सोडून देण्यासारखं नाही.

---

बाळीवेस

मान्य. सरावाचा मुद्दा तुमचा खरा आहे. पण सराव त्यांचाही आहेच की, रोजचा. दोन्ही लागतं, चाल पण आणि दंड पण.

---

सूतगिरणी

मी इथलाच, टेक्स्टाइल डिप्लोमा करून चार वर्षं ढाक्याजवळ गाझीपूरला होतो, कापड गिरणीत. ताईंचा पूल वाचून माझी ढाक्यातली पहिली संध्याकाळ आठवली. विमानतळावरून बसनं निघालो, हेल्पर दारात लटकून बसच्या पत्र्यावर थापा मारत ओरडतोय, बसची कड दुसऱ्या बसला घासतेय, आणि माझी बॅग मांडीवर. मला राग आला होता, आता खरं सांगतो, त्या शहराचाच राग आला होता. तीन तासांनी उतरलो आणि पुढचा तुकडा सायकल रिक्षानं गेलो, जुन्या ढाक्यात. त्या रिक्षाच्या मागच्या पत्र्यावर मोर, कमळं, कुणा हिरॉइनचा चेहरा, लालभडक रंगात रंगवलेलं. रिक्षा अडकली की तिथंच अडकायची, पाच मिनिटं, दहा मिनिटं, आणि मी आजूबाजूच्या रिक्षांची चित्रं बघत बसायचो. २०२३ मध्ये युनेस्कोनं त्या रिक्षांना आणि त्या चित्रकलेला वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा मला घरचं कुणी पास झाल्यासारखं वाटलं.

सांगायचं काय तर अम्मांना सावकाश चालणारं वाहन द्या. हनोईत पण तीनचाकी सायकल असते, सिक्लो म्हणतात, माणूस पुढं बसतो आणि चालवणारा मागं. समोर काच नाही, काही नाही. होआन कीमच्या बाजूला मिळतात. भाडं आणि वेळ मात्र बसायच्या आधी ठरवा, कागदावर आकडा लिहून.

---

तुळजापूरनाका

आईवडिलांना घेऊन काठमांडूला गेले होते, पशुपतिनाथाला. तिथं गल्ल्या अरुंद, टॅक्सी बारक्या, आरसा घासूनच जातात. पण हॉर्न नाही! २०१७ च्या एप्रिलपासून तिथं विनाकारण हॉर्न वाजवायला बंदी आहे, आणि आई पहिल्याच चौकात म्हणाली इथले लोक भांडत नाहीत वाटतं. तिला गोंधळ जाणवलाच नाही, कारण आवाज नव्हता. मला वाटतं म्हाताऱ्या माणसांना गर्दीपेक्षा आवाज जास्त थकवतो. हनोईत हॉर्न खूप असतो का? तसं असेल तर पहिल्या दिवशी काहीच ठेवू नका, विमानातून उतरल्यावर एक दिवस नुसती विश्रांती.

आणि आमच्या आईला सगळ्यात काय आवडलं असेल तर सफा टेम्पो, विजेवरची तीनचाकी, चालवणारी बाई. आई तिच्या शेजारी पुढं बसली आणि उतरताना तिचे दोन्ही हात हातात घेतले.

---

टॉवेलवाली

हॉर्न असतो, बराच. पण रागाचा नाही, मी आहे मी आहे असं सांगणारा, बारीक. रात्री दहानंतर वस्तीत बंद.

होटगीरोड दादा, राग कशाला मानू. साडी आणि पायाचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मी खाली जाऊन स्कूटरवर दोन्ही बाजूंनी बसून बघितलं. तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे, उजवीकडं पाय सोडून मलाच बसता येईना. दुचाकी रद्द. पण अम्माला नाही म्हणायचं कसं ते सुचत नाहीये. तिनं आयुष्यभर दुसऱ्यांसाठी बसून काम केलं, घर आणि बिडी कारखाना एवढंच येणं जाणं, आठवड्याचा मंगळवार बाजार. तिला वारा लागायला हवाय तोंडाला, एवढंच मागणं आहे तिचं. कारमध्ये बसवून मी तिला ते देऊ शकत नाही.

---

रेल्वेलाईन्स

ताई, मी रेल्वेतून रिटायर झालोय, तीन वर्षांपूर्वी मुलाबरोबर हनोईला गेलो होतो, वय तेव्हा ६६. तुमच्या अम्मांचं उत्तर तुमच्याच लिहिण्यात आहे. पुलाच्या मधनं रेल्वे जाते म्हणालात ना, मग रेल्वेनं न्या.

हनोई स्टेशनवरून हायफोंगला जाणाऱ्या गाड्या असतात. गाडी सुटली की थोड्याच वेळात त्या प्रसिद्ध रेल्वेच्या गल्लीतनं जाते, दोन्ही बाजूंना घरं, खिडकीतनं हात काढला तर वाळत घातलेला कपडा हाताला येईल इतकी जवळ (हात काढू नका). मग लाँग बिएन स्टेशन आणि लगेच पूल. पुलावर गाडी अगदी सावकाश जाते, जुना पूल आहे, वेग धरत नाही. आणि दोन्ही बाजूंना दुचाक्या चालतात. तुम्ही ज्या गर्दीत दगडासारख्या बसला होता ती सगळी गर्दी अम्मांना खिडकीतनं हाताच्या अंतरावर दिसेल. मी गेलो तेव्हा काही डब्यांच्या खिडक्या उघडायच्या, तिकीट काढताना एसी नसलेला डबा आहे का ते विचारा, मिळाला तर वारा लागेल. पूल ओलांडला की पहिलं मोठं स्टेशन गिया लाम, पण मी म्हणेन हायफोंगपर्यंतच जा, बंदराचं शहर आहे, जेवा आणि संध्याकाळी परत या. डब्याच्या पायऱ्या उंच आहेत, प्लॅटफॉर्म खाली आहे, तेव्हा गुडघ्यांसाठी एक छोटा घडीचा स्टूल बरोबर ठेवा. मी माझ्यासाठी सोलापुरातनं नेला होता आणि तिथल्या गार्डानं तो बघून मला स्वतः हात दिला.

---

कडकभाकरी

काका, हे म्हणजे लईच भारी काढलंव. मी दोन येळा त्या पुलावर गेलो पण रेल्वेत बसायचं डोक्यातच आलं नाही.

---

होटगीरोड

काकांचं उत्तर एकदम योग्य. ताई, तिकीट एक दिवस आधी काढा, आणि पुलावर नदी दोन्ही बाजूंना आहे त्यामुळं खिडकीची बाजू कुठलीही चालेल.

---

नवीपेठकर

आणि शेंगाचटणी न्या बरोबर, रेल्वेत लागेल.

---

टॉवेलवाली

काका, काल रात्री तुमचं उत्तर अम्माला वाचून दाखवलं, तेलुगूत सांगत सांगत. ती आधी काही बोलली नाही. मग विचारलं गाडी पुलावर थांबते का. मी म्हटलं नाही, पण हळू जाते. मग म्हणाली, तू ज्या माणसाच्या मागे बसलीस तो आपल्याला खिडकीतनं दिसेल का. मी म्हटलं तो नाही दिसणार अम्मा, पण तसे पुष्कळ दिसतील. बरं म्हणाली.

स्टूल घरात आहे, बिडीच्या वेळचा, लाकडी. तो जड आहे, पण तिला तोच हवाय. वजन करून बघते. पासपोर्टच्या फोटोला शनिवारी नवी पेठेत घेऊन जाते तिला. निन्ह हिएप बाजाराचा धागा या आठवड्यात टाकते, कापडाचे फोटो काढलेत भरपूर.